अल्बी क्रॉटी रचनेत बसत नाही

परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. त्याच्या कामात दोष काढण्याची माझी छाती नाही आणि मला तशी सवयही नाही. परंतु इतकं मोठं काम इतक्या घाईने उरकल्यामुळे सृष्टीची रचना जागोजागी विस्कळीत राहून गेली आहे, हे कुठलाही चित्रकार आपल्याला नम्रपणे सांगेल. झाड हवं तिथे नसतं. टेकडी नको इतकी मधोमध येते. गाय नेमकी पाठ करून उभी राहते. ही राहून गेलेली दुरुस्ती पूर्ण करण्यासाठी चित्रकार जन्माला आले, असं आमच्या कुंडाबरी जलरंग मंडळाचं मत आहे. मंडळाच्या बैठका चर्चच्या हॉलमध्येच भरतात, आणि आमच्या पाद्रीसाहेबांनी या मताला अजून हरकत घेतलेली नाही. (त्यांची पत्नी मंडळाची उपाध्यक्ष आहे.)

चित्रकाराच्या आयुष्याविषयी लोकांत बरेच गैरसमज आहेत. तो उशिरा उठतो, दारू पितो, संसाराकडे लक्ष देत नाही आणि तरुणपणीच मरतो, असं समजलं जातं. आमच्या सभासदांचं सरासरी वय एकाहत्तर असल्यामुळे तरुणपणी मरण्याची संधी सर्वांनीच वाया घालवली आहे. दारूचं म्हणाल तर आम्ही रंगाचं पाणी पितो. मुद्दाम नाही. एका हाताशी चहाचा मग असतो, दुसऱ्या हाताशी ब्रश धुण्याचं भांडं, आणि ढग वाळायच्या आत आटपायचा असतो. ब्रश चहात जातो आणि भांडं ओठाला लागतं. प्रत्येक सभासद वर्षाकाठी साधारण दीड कप निळा रंग पोटात घेतो, असं मंडळाच्या पाहणीत आढळलं. (हिरवा कमी; तो कडू लागतो.) यातून कोणाला अपाय झाल्याचं दिसत नाही. आमच्या अध्यक्ष नोएलीन बार्कर यांची जीभ थोडी निळी आहे, पण त्या तिचा उपयोग करायला कचरत नाहीत.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहाटेची प्रार्थना झाली की मी रोज एक आकाश रंगवते. कोणाच्याही चित्राला वाईट म्हणायचं नाही, असा माझा नेम आहे, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत मौन असतं. यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे एका शुक्रवारचा संबंध येतो, एवढ्यासाठी लिहिलं.

उन्हाळ्यात ओल्या आकाशावर माशी येऊन बसते आणि तिथेच राहते. नवखा माणूस ती नखाने काढायला जातो आणि आकाशाला भोक पाडतो. अनुभवी माणूस तिला दोन पंख काढतो आणि पुढे जातो. कुंडाबरीच्या चित्रांत पक्ष्यांचं जीवन फार समृद्ध आहे, असा अभिप्राय शहरातल्या एका समीक्षकांनी दिला होता. आम्ही त्यांचे आभार मानले.

पण चित्रकाराचं खरं काम रंगवणं हे नव्हेच. त्याचं खरं काम आहे वगळणं. आमच्या मंडळाच्या नियमावलीनुसार पुढील गोष्टी दृश्यातून वगळायच्या असतात: विजेचे खांब व तारा, मोटारी, कचऱ्याचे डबे, प्लास्टिकच्या खुर्च्या, चालू शतक, आणि नवरे. (छत्री धरायला आलेले नवरे दृश्याच्या पाठीमागे उभे करावेत.) वगळलेल्या वस्तूच्या जागी जे भोक पडतं, तिथे मेंढ्या घालाव्यात. जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद. तेव्हा मेंढी म्हणजे, जिथे आपण काहीच केलं नाही अशी जागा आणि तिच्याखाली चार काळ्या रेघा. कष्टाच्या मानाने इतका भावपूर्ण प्राणी दुसरा नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येते.

गावाबाहेर नदी जिथे वळते, तिथे एक प्रचंड जुनी निलगिरी आहे. तिचं खोड इतकं पीळदार आहे की ते कसंही काढलं तरी बरोबर दिसतं. त्यामुळे मंडळ स्थापनेपासून दर बुधवारी तिथेच जातं. निलगिरीच्या उजव्या अंगाला अल्बी क्रॉटी राहतो. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेला, लांब हातापायांचा, सदा बनियनवर असणारा माणूस. घर सिमेंटच्या पत्र्यांचं. त्याचा रंग सरकारी दवाखान्यातल्या भिंतींचा असतो तसा हिरवा. समोर गंजलेली पाण्याची टाकी, छत्रीच्या काड्यांसारखी फिरणारी कपडे वाळवायची दांडी, दार नसलेला एक फ्रीज, त्यात अंड्यावर बसलेली कोंबडी, आणि मागे पत्र्याचा संडास. घराची जागा अशी अवघड की निलगिरीकडे बघताना ते दिसतंच. सबब ते पहिल्याच बुधवारी वगळण्यात आलं आणि तिथे तीन मेंढ्या घालण्यात आल्या. पुढच्या चाळीस वर्षांत या निर्णयाचा फेरविचार करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अल्बीने कधी मनाला लावून घेतलं नाही. आम्ही गेलो की तो खुर्च्या आणून देई, वारा सुटला की चित्राच्या घोडीला दगड लावून देई. संडास आमच्यासाठी उघडाच असे. (मंडळाच्या इतिहासात एकूण किती चित्रकारांनी तो वापरला आणि किती जणांनी तो रंगवला, यातली तफावत इथे देत नाही.) कधीकधी तो मागे उभा राहून चित्र बघे.

"यात माझं घर कुठंय गं, नोएलीन?"

"अल्बी, राजा, तू रचनेत बसत नाहीस रे."

"मी कशाला बसतोय. घराचं विचारतोय."

"तेही बसत नाही. डोळा तिथे अडकतो."

"अडकू दे की. दार उघडंच असतं." मग तो वाकून जवळून बघे. "आणि या मेंढ्या कोणाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. त्या तोल सांभाळतात."

"माझ्या न्हाणीघरात उभ्या आहेत त्या," अल्बी म्हणे, आणि हसत हसत कोंबडीला दाणे घालायला जाई.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पुढे नोएलीनच्या 'वळणावरची संध्याकाळ' या चित्राला बक्षीस मिळालं आणि कौन्सिलने ते गावाच्या जाहिरातीसाठी घेतलं. ते माहितीपत्रकावर आलं, भांडी पुसायच्या टॉवेलांवर आलं, पाण्याच्या उंच टाकीवर आलं, आणि कचऱ्याच्या डब्यांवरही आलं. (ज्या वस्तू चित्रातून वगळल्या जातात त्यांच्यावर चित्र काढल्यास त्या अधिक सुंदर दिसतात, असं कौन्सिलला आढळून आलं.) मग लोक लांबून लांबून गाड्या घेऊन वळण बघायला यायला लागले, आणि त्यांच्याबरोबर तक्रारीही आल्या. फांदी चित्रात डावीकडे झुकते, प्रत्यक्षात उजवीकडे. नदी चित्रात दोनदा वळते, प्रत्यक्षात एकदाच. पक्षिनिरीक्षकांची एक जोडी झाडाच्या शेंड्यावरचा काळा पक्षी शोधत तीन दिवस तंबू ठोकून राहिली. आणि एका बाईंनी लिहून कळवलं की, मेंढ्यांच्या जागी एक म्हातारा गृहस्थ दात घासत होता आणि त्याने आम्हाला हात केला.

कौन्सिलपुढे दोन मार्ग होते. एकतर चित्र बदलायचं, नाहीतर वळण. टॉवेल छापून झाले होते. तेव्हा वळण बदलण्याचा निर्णय एकमताने झाला, आणि त्यासाठी कौन्सिलने दृश्य अनुरूपता विभाग काढला. त्याचे अधिकारी वॉरिक डन. तिशीतला, अतिशय सभ्य, इस्त्रीचे कपडे घालणारा मुलगा. माहितीपत्रक गळ्यात अडकवून तो निलगिरीसमोर उभा राहायचा, एक डोळा मिटायचा, हात लांब करून पेन्सिल आडवी धरायचा, आणि म्हणायचा, "फांदी."

फांदी कापून तारेने दुसऱ्या बाजूला बांधण्यात आली. विजेचा खांब नदीपलीकडे गेला. त्यामुळे तिकडच्या लोकांना आपोआप वीज मिळाली आणि इकडच्यांची गेली. नदीला दुसरं वळण देण्यासाठी माती टाकली. सूर्यास्त थोडा डावीकडे सरकवण्याचा विषयही निघाला होता, पण सूर्य शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीत मावळतो असं निष्पन्न झालं. मी हे काम जवळून पाहिलं आहे. प्रामाणिक माणूस हाती काम पडलं तर किती पुढे जाऊ शकतो, याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

एके दिवशी पेन्सिल अल्बीच्या घरावर येऊन थांबली.

वॉरिकने घाई केली नाही. त्याने मंडळाच्या सगळ्या प्रदर्शनांतली चित्रं मागवली, ती हॉलमध्ये ओळीने लावली आणि तपासली. पाचशेहून अधिक चित्रं. एकातही घर नव्हतं. खात्री करण्यासाठी तो सर्वांत जुन्या सभासदाला, म्हणजे मला, वळणावरच येऊन भेटला. मी चित्र काढत होते. "मॅडम, या जागी कधी घर होतं का?" त्याने विचारलं. शुक्रवारची सकाळ होती. बोलता येत नव्हतं म्हणून मी घराकडे बोट दाखवलं. माझं बोट आणि घर यांच्या मधे माझं चित्र होतं. वॉरिकने चित्राकडे निरखून पाहिलं, 'मेंढ्या, तीन' असं लिहून घेतलं, आणि माझे आभार मानून गेला. दुपारी बारा वाजता मी त्याच्या कार्यालयात फोन केला. तपास पूर्ण झाल्याचं मला सांगण्यात आलं.

त्याच संध्याकाळी तो अल्बीकडे गेला. अल्बीने मला बोलावून घेतलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

"मिस्टर क्रॉटी," वॉरिक म्हणाला, "आम्ही सगळा पुरावा तपासला. या जागी घर असल्याचं कुठेही आढळत नाही."

"पोरा, तू आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसलायस."

"हो, ते माझ्या लक्षात आलंय. पण माझं बघणं धरत नाहीत. मी चित्रकार नाही."

"मी कर भरतो की."

"भरलेला दिसतोय. नियमित भरलाय, त्याबद्दल कौन्सिल आपली ऋणी आहे. पण कर कशावर भरलाय ते दिसत नाही."

"मग हा चहा कुठल्या घरातला पितोयस?"

वॉरिकने कपाकडे पाहिलं. तो खोटं बोलणारा मुलगा नाही. "चहा उत्तम आहे," तो म्हणाला. "आलं घालता का?"

ईस्टरनंतर घर हलवून मूळ दृश्य पूर्ववत करण्यात येणार होतं. मेंढ्यांची निवड झाली होती. अल्बीला गावातल्या वृद्धनिवासात खोली मिळणार होती. खोली चांगली होती. खिडकीतून मोटारतळ दिसायचा. पण आत राहणाऱ्याला उदास वाटू नये म्हणून भिंतीवर नोएलीनचं चित्र लावलेलं होतं.

वॉरिक गेल्यावर अल्बीने वर छपराच्या लोखंडी पत्र्याकडे बोट केलं. "तिकडे सिमेंटचं छत आहे," तो म्हणाला. "इथे रात्री पत्र्यावर निलगिरीची बोंडं पडतात ना, टप टप, तो आवाज नसला तर आम्हाला झोप लागत नाही. बाकी मला काय. पण झोप तर लागायला पाहिजे ना माणसाला."

मंडळाची तातडीची बैठक भरली. नारळाचा कीस लावलेले चॉकलेटचे लॅमिंग्टन आणि सॉसेज रोल आले होते, पण वातावरण गंभीर होतं.

"आपण काही खोटं काढलेलं नाही," नोएलीन म्हणाली. "आपण निवड केली. कलावंताने निवड करायची असते."

"निवड केली म्हणजे घर खाल्लंस तू त्याचं," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी एकटीने? तुझ्या मेंढ्या तर माझ्यापेक्षा लठ्ठ आहेत."

चर्चा बराच वेळ कलेच्या स्वातंत्र्यावर चालली. मग उपाध्यक्षांनी हळूच विचारलं की, घर गेलं तर संडासाचं काय. सभासदांची विवेकबुद्धी इतक्या एकदम जागी झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ठराव झाला: ईस्टरच्या प्रदर्शनात प्रत्येकाने अल्बीचं घरच काढायचं. वॉरिकनेही सांगितलं की, नवी चित्रं पुरावा म्हणून धरता येतील, कारण चित्राला तारखेचं बंधन नसतं.

बुधवारी आम्ही सगळे वळणावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे तोंड करून बसलो. काम अवघड होतं. एकतर तो हिरवा कोणाच्याही डबीत नव्हता. दोन रंग मिसळून बघितले तर हिरवळ यायची, तीन मिसळले तर चिखल. दुसरं म्हणजे सिमेंटचा पत्रा कागदावर उतरला की तो पत्रा न वाटता चूक वाटायचा. हात आपोआप दुरुस्ती करायला लागले. कोणी फ्रीज वगळून तिथे गुलाब लावले. कोणी भिंत उबदार पिवळी केली. घर रिकामं दिसतं म्हणून पुढे लाकडी व्हरांडा आला, आणि आभाळ रिकामं दिसतं म्हणून धुराडं आलं. धुराडं आलं तेव्हा धूर आलाच. नोएलीनच्या घराला माडी निघाली. तिने मला विचारलं, कसं झालंय. "छत सरळ आलंय," मी म्हटलं, आणि ते खरोखरच सरळ आलं होतं.

अल्बी एकेका चित्रापाशी जाऊन उभा राहिला.

"हे कोणाचं घर?"

"कोणाचं म्हणजे? तुझंच."

"असं." त्याने पुन्हा पाहिलं. "भाड्याने मिळेल का मला?"

प्रदर्शन उत्तम झालं. वॉरिक दोन दिवस मोजपट्टी घेऊन हॉलमध्ये फिरत होता. त्याने सगळ्या चित्रांतल्या घरांची सरासरी काढली, आणि वळणावर घर असल्याचं निर्विवाद सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अल्बीने टोपी काढून सर्वांना वाकून नमस्कार केला. मग वॉरिकने पुढचं वाक्य वाचलं: प्रत्यक्षातलं घर सिद्ध झालेल्या घराशी जुळत नसल्यामुळे ते जुळवून घेण्यात येईल.

कामगार आले. चांगली माणसं होती. त्यांनी व्हरांडा उभारला. (एक हात रुंद. चित्रांत तेवढाच दिसतो.) भिंती पिवळ्या झाल्या. धुराडं बसवलं, त्याच्याखाली चूल नसल्यामुळे आत एक यंत्र ठेवलं, ते दहा वाजता आपोआप धूर सोडतं. कोंबडी एकाही चित्रात नव्हती, ती उपाध्यक्षांनी नेली. माडीच्या बाबतीत, एकोणीस चित्रांपैकी एकात माडी असल्यामुळे सरासरीने घराला माडीचा एकोणिसावा भाग मिळाला. तो छतावर पेटीसारखा दिसतो आणि त्याला खिडकी आहे. आणि संडास कोणीच काढलेला नसल्यामुळे तो हलवण्यात आला. तेव्हापासून आमच्या मंडळात चित्र पूर्ण करण्याचा वेग दुपटीने वाढला आहे, आणि शैलीत एक प्रकारचा उत्स्फूर्तपणा आला आहे.

अल्बीला मात्र छप्पर मिळालं होतं. पत्रा जुनाच ठेवला होता, फक्त लाल रंगवून. "पडतात बोंडं," त्याने मला हळूच सांगितलं. "आवाज थोडा लाल झालाय, पण झोप लागते."

आठवड्याने वॉरिक परत आला. त्याचा चेहरा पडला होता. घर जुळलं होतं, गुलाब जुळले होते, धूर जुळला होता. पण अनुरूप घरातून एक अननुरूप इसम आत-बाहेर करताना आढळला होता.

"तो मीच," अल्बी म्हणाला.

"मला कल्पना आहे. पण चित्रांत कोणी माणूस नाही, मिस्टर क्रॉटी."

"अरे, मग त्या घरात राहतं कोण?"

"धूर निघतोय," वॉरिक म्हणाला. "तेवढ्यावर लोक समाधानी आहेत."

पुन्हा वृद्धनिवास, पुन्हा सिमेंटचं छत. पुन्हा तातडीची बैठक. या वेळी अडचण कलेच्या मुळालाच हात घालणारी होती, कारण आमच्या मंडळात माणूस कोणालाच काढता येत नाही. चेहरा काढायला गेलं तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो, बहुधा काढणाऱ्याच्या आईचा. हात काढायला गेलं तर केळ्यांचा घड येतो. या कारणांसाठी आमच्याकडे माणूस काढण्याची एक जुनी, सर्वमान्य पद्धत आहे: पाठमोरा उभा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात खिशात, पावलं उंच गवतात. अशा माणसाच्या अंगी एक विलक्षण गूढ भाव येतो. तो कुठे बघतो आहे, काय गमावलं आहे त्याने, असं बघणाऱ्याला वाटत राहतं. (तो कुठेही बघत नसतो. त्याला डोळेच नसतात.)

आम्ही सगळ्यांनी एका दुपारी अल्बीला तसा काढला. अठरा चित्रांत तो घरासमोर उभा होता, एका चित्रात माडीच्या खिडकीत.

वॉरिक आनंदाने रडायचाच बाकी होता. त्याने लगोलग आदेश काढला. सकाळी दहा ते दुपारी चार या दृश्याच्या अधिकृत वेळेत अल्बी क्रॉटी यांनी आपल्या राहत्या घरासमोर, नदीकडे तोंड करून, टोपी घालून, हात खिशात ठेवून उभं राहायचं. पावलं दिसू नयेत म्हणून कौन्सिल गवत लावून देईल. बाकीच्या वेळेत त्यांनी घरात राहण्यास कौन्सिलची काही हरकत नाही.

"नाकाला खाज आली तर?" अल्बीने विचारलं.

वॉरिकने चित्रं चाळून पाहिली. "नाक नाहीये," तो म्हणाला.

"बरं बाबा. दहा ते चार तुझा, उरलेला माझा. रेल्वेत याहून जास्त वेळ उभा राहिलोय, आणि तिथे तर गाड्याही यायच्या नाहीत."

आता सगळं सुरळीत आहे. परवा एका नवरा-बायकोला मी तिथे पाहिलं. बायको विचारत होती, तो माणूस खरा आहे का. नवरा म्हणाला, खुळी की काय, खरा असता तर हलला नसता का. ती दोघं बराच वेळ अल्बीच्या पाठीकडे बघत उभी होती, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कलेने अजून काय करायचं असतं.

या सर्व प्रकरणाचा वृत्तांत नोंदीसाठी हवा म्हणून वॉरिकने तो मला लिहायला सांगितला, आणि तोच आपण वाचत आहात. काल मी त्याला तो वाचून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकलं. सगळं जुळतंय म्हणाला. फक्त एक शंका त्याला आली.

"हात तर दिवसभर खिशात असतात. मग त्यांना चहा कोण पाजतं?"

"आयव्ही," मी म्हटलं.

"कोण आयव्ही?"

"अल्बीची बायको. त्याच घरात राहते, लग्न झाल्यापासून. तू गेलास त्या संध्याकाळी शेगडीपाशी तीच उभी होती."

वॉरिकने कागद मागे-पुढे करून पाहिले. "यात कुठेच नाही त्या."

"नाही. दोन माणसं घातली की वाचणाऱ्याचं लक्ष कोणाकडे जाईल ते सांगता येत नाही. रचना बिघडते."

मी आधीच सांगितलं की तो सभ्य मुलगा आहे. नियमात बसवता आलं असतं तर त्याने ते केलं असतं. शेवटी तो म्हणाला की, एक मार्ग आहे. वृत्तांत वाचणारे लोक हे साक्षीदारच असतात. चाळीस वर्षं एका घरात खुर्च्या निघतात, चहा होतो, संसार चालतो, आणि तो सगळा एकटा अल्बी करतो, याचं वाचताना त्यांच्यापैकी एकाला जरी नवल वाटलं असेल, एकाने जरी मधे थांबून विचारलं असेल की घरात आणखी कोण आहे, तर आयव्ही क्रॉटी यांचं अस्तित्व मान्य करता येईल आणि त्यांना त्या छपराखाली राहू देता येईल.

सबब सर्व वाचकांना कळवण्यात येतं की, याबाबत हरकत घेण्याची मुदत वृत्तांताच्या पहिल्या शब्दापासून त्यांचं नाव येईपर्यंत होती. आपण सर्वांनी अतिशय लक्षपूर्वक आणि, वॉरिकला वाटतं तसं, हसत हसत वाचलंत, याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे.

एकही हरकत आलेली नाही.